ओढ्याला अचानक लोंढा येतो तेव्हा: बालाघाटाच्या पायथ्याच्या गावांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बीड, धाराशिव, लातूर आणि सोलापूर या जिल्ह्यांत मोठ्या नदीपेक्षा गावाजवळचा ओढा जास्त घात करतो. नदीचा पूर निदान सांगून येतो. धरणातून पाणी सोडण्याआधी भोंगा वाजतो, तलाठ्याचा फोन येतो. ओढ्याला भोंगा नसतो. वळवाच्या किंवा परतीच्या पावसात गावोगाव तेच ते प्रश्न ऐकू येतात, म्हणून त्यांची उत्तरं एका जागी लिहिली आहेत.

आमचा भाग दुष्काळी. इथं कसला आलाय पूर?

2016 सालच्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पिण्याचं पाणी आणावं लागलं होतं. त्याच वर्षीच्या परतीच्या पावसात मांजरा धरण भरलं. दोन्ही गोष्टी एकाच जिल्ह्यानं सहा महिन्यांच्या आत पाहिल्या. वर्षाचा एकूण पाऊस कमी असला म्हणजे एका रात्रीचा पाऊसही कमीच असेल, असं कुठं आहे? आपल्याकडं तो मोजक्या दिवसांत पडतो आणि त्या दिवसांतही मोजक्या तासांत. सप्टेंबर 2025 मध्ये सीनेच्या काठानं भूम-परंड्यापासून करमाळा, माढा, मोहोळपर्यंत जे झालं, ते एरवी टँकरची वाट पाहणाऱ्या गावांमध्येच झालं.

दुष्काळी भागात आणखी एक घोळ होतो. ओढा वर्षातले दहा महिने कोरडा असतो, त्यामुळं तो ओढा आहे हेच लोक विसरतात. पात्रात कडबा रचतात, गोठा घालतात, कुणी दोन गुंठे वाढवून घेतो. तीन-चार वर्षं काही होत नाही, आणि मग एका रात्री ओढा आपली जागा परत मागतो.

आमच्या गावात थेंब पडला नव्हता, तरी पाणी आलं. असं कसं?

या पानावरचं एकच उत्तर वाचायचं असेल तर हे वाचा.

तुमच्या पुलाखालून जाणारं पाणी तुमच्या डोक्यावरच्या आभाळातलं नसतं, ते वरच्या शिवारातलं असतं. गडगडाटी पावसाचा एक ढग पाच-दहा किलोमीटरच्या पट्ट्यात धो धो कोसळतो आणि शेजारच्या गावाला कोरडं ठेवतो. बालाघाटाच्या माथ्यावर असा ढग तासभर थबकला, तर खालच्या गावाला चांदणं दिसत असतानाही लोंढा येऊ शकतो.

आपल्याला समजेल असा हिशेब मांडू. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे हेक्टरी दहा हजार लिटर, म्हणजे एक मोठा टँकर. तुमच्या ओढ्याचं पाणलोट दहा चौरस किलोमीटर धरलं, तर ते हजार हेक्टर झालं. त्यावर 100 मिलिमीटर पाऊस पडला की एक लाख टँकर पाणी झालं. त्यातलं निम्मं जमिनीत मुरलं, डबक्यांत अडलं असं समजा. उरलेलं निम्मं दोन तासांत ओढ्यातून जायचं म्हटलं, तर पुलाखालून सेकंदाला सात टँकर पाणी जाईल. अधिकाऱ्यांच्या भाषेत हे अडीच हजार क्युसेकच्या आत-बाहेर भरतं. त्या पुलाला दोन सिमेंटच्या नळ्या आहेत.

म्हणून संध्याकाळी आपल्या अंगणातलं आभाळ बघून भागत नाही. ओढा जिकडून येतो त्या दिशेला बघा. तिकडं विजा सतत लवत असतील आणि ढग जागचा हलत नसेल, तर त्या रात्री ओढा तुमचा नाही.

पाणी पोचायला किती वेळ लागतो?

ओढ्याची लांबी पाच किलोमीटर आणि उतार शंभराला एक असेल, तर माथ्यावरचं पाणी पुलापर्यंत यायला साधारण सव्वा तास लागतो. घाटातल्या उभ्या ओघळीला याहून कितीतरी कमी. पाऊस सुरू झाल्यावर टीव्ही लावून बातम्यांची वाट पाहण्याइतका हा वेळ नाही. वरच्या गावातल्या सोयऱ्याला एक फोन लावण्याइतका मात्र आहे.

म्हणजे वरच्या गावाचा फोन नंबर हाच उपाय?

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात खात्रीचा उपाय तोच आहे. आपल्या ओढ्यावर वरच्या अंगाला जी दोन-तीन गावं आणि वस्त्या आहेत, तिथल्या एकेका माणसाचा नंबर पोलीस पाटील, सरपंच, शाळेचे मुख्याध्यापक आणि ओढ्याकाठच्या प्रत्येक वस्तीवर असायला हवा. आपल्याकडं बहुतेक गावांची सोयरीक वरच्या-खालच्या गावांतच असते, त्यामुळं नंबर शोधायला फार लांब जावं लागत नाही. फक्त एक ठरवून घ्या. फोन करणाऱ्यानं "लई पाऊस झालाय" एवढंच सांगायचं नाही. "फरशीवरून पाणी गेलं" किंवा "तळ्याचा सांडवा सुटला" असं डोळ्यांनी पाहिलेलं सांगायचं. (फरशी म्हणजे ओढ्यावरचा ठेंगणा पूल, सांडवा म्हणजे तळं भरल्यावर जादा पाणी बाहेर जायची वाट.) खाली ऐकणाऱ्याला त्यातून अंदाज येतो.

व्हॉट्सॲपच्या गटावर विसंबू नका. रात्री दोन वाजता गटावरचा निरोप कुणी पाहत नाही, आणि वीज गेली की गावातल्या टॉवरची बॅटरी किती तास टिकते, ते तुम्हाला ठाऊक आहेच.

वळवाचा पाऊस जास्त धोक्याचा की परतीचा?

दोन्हींचा धोका वेगळा आहे. एप्रिल-मेमधला वळीव दुपारनंतर येतो आणि वावटळ, गारा, विजा घेऊन येतो. जमीन तापलेली, काळ्या रानाला हातभर भेगा पडलेल्या. पहिलं पाणी त्या भेगाच पितात. त्यामुळं वळवात विजेनं आणि पडलेल्या झाडांनी माणसं जास्त जातात, पुरानं त्या मानानं कमी.

सप्टेंबरअखेर चित्र उलटं असतं. काळी माती भिजली की फुगते, भेगा मिटतात, आणि मग ती पाणी आत घेईनाशी होते. माळरानावर तर वीतभर मुरमाखाली काळा खडकच आहे. पाझर तलाव भरलेले, विहिरी तुडुंब, बांध ओले. अशा वेळी जूनमध्ये जिरून गेला असता तेवढाच पाऊस थेट ओढ्याला लागतो. हत्तीचा पाऊस भिंती पाडतो असं जुनी माणसं म्हणत आली आहेत. हस्त नक्षत्र सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात लागतं, आणि मातीची घरं खरोखर त्याच पंधरवड्यात बसतात.

त्यात बंगालच्या उपसागरातला कमी दाबाचा पट्टा तेलंगणावरून इकडं सरकला की एकेकट्या ढगांची फळीच तयार होते. 14 ऑक्टोबर 2020 ला असंच झालं. ती प्रणाली तेलंगणा आणि उत्तर कर्नाटकातून येऊन सोलापूर, धाराशिव, पुणे, सांगली ओलांडत अरबी समुद्राकडं गेली. पंढरपुरात कुंभार घाटाची भिंत त्याच दिवशी कोसळली आणि सहा जण गेले.

ही ढगफुटी होती का?

बहुतेक वेळा नसते. एका तासात शंभर मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पाऊस वीस-तीस चौरस किलोमीटरच्या पट्ट्यात झाला, तर हवामान खातं त्याला ढगफुटी म्हणतं. तासातासाची नोंद घेणारं यंत्र तिथं नसेल, तर ढगफुटी झाली की नाही हे कुणालाच ठामपणे सांगता येत नाही, वार्ताहरालाही नाही.

शब्दावरून वाद घालण्यात मला रस नाही. तीन तासांत 90 मिलिमीटर पडलेला पाऊससुद्धा भरलेल्या रानावर माणूस वाहून न्यायला पुरतो. तोटा वेगळाच होतो. "ढगफुटी झाली" म्हटलं की त्यात कुणाचाच इलाज नव्हता असं वाटायला लागतं, आणि मग बुजवलेल्या मोरीबद्दल कुणी विचारत नाही.

"अतिवृष्टी" आणि "जोरदार पाऊस" यांत फरक काय? पेपरात एक असतं, तलाठी दुसरं सांगतात.

दोन खात्यांच्या दोन भाषा आहेत. महसूल खात्याच्या हिशेबानं एखाद्या मंडळात चोवीस तासांत 65 मिलिमीटर किंवा जास्त पाऊस झाला की ती अतिवृष्टी. हवामान खात्याच्या वर्गवारीत 64.5 ते 115.5 ही जोरदार पावसाची पहिली पायरी, 115.6 ते 204.4 ही दुसरी, आणि 204.5 च्या पुढं शेवटची. म्हणजे तलाठ्याची अतिवृष्टी ही हवामान खात्याची नुसती सुरुवात असते.

आणखी एक घोळ तारखेचा. पावसाचा दिवस सकाळी साडेआठला सुरू होतो आणि दुसऱ्या दिवशी साडेआठला संपतो. मंगळवारी रात्री पडलेला पाऊस बुधवारच्या आकड्यात येतो. नुकसानीच्या अर्जात तारीख लिहिताना हे लक्षात ठेवा.

यंत्र मंडळाच्या ठिकाणी असतं आणि एका मंडळात पंधरा-वीस गावं येतात. गडगडाटी ढगाला मंडळाची हद्द कळत नाही. यंत्रात 30 मिलिमीटर आणि आठ किलोमीटरवरच्या तुमच्या वस्तीवर घागर भरली, असं होऊ शकतं. म्हणून घरी साधा पर्जन्यमापक ठेवा. सरळ काठाचा पत्र्याचा डबा आणि पट्टीसुद्धा चालते, फक्त डबा वरपासून खालपर्यंत एकाच रुंदीचा हवा. सरकारी नोंद म्हणून ती कुणी धरणार नाही. पण चार गावांतल्या चार डब्यांनी सारखंच सांगितलं, तर बोलायला आधार होतो.

यलो, ऑरेंज, रेड: यातल्या कोणत्या अलर्टला घाबरायचं?

यलो म्हणजे लक्ष ठेवा, ऑरेंज म्हणजे तयारीत राहा, रेड म्हणजे हालचाल करा. पण हा रंग सबंध जिल्ह्याला दिलेला असतो. त्यापुढं "तुरळक ठिकाणी" लिहिलेलं असेल, तर अर्थ असा की जिल्ह्यातल्या चौथा हिस्सा किंवा त्याहून कमी ठिकाणी तो पाऊस अपेक्षित आहे. त्या चौथ्या हिश्श्यात तुमचं गाव आहे का, हे आदल्या दिवशी कुणीच सांगू शकत नाही. "अंदाज चुकला" म्हणून हसणारे बहुतेक जण हा एक शब्द वाचत नाहीत.

गडगडाटी पावसासाठी आदल्या दिवशीच्या अंदाजापेक्षा पुढच्या तीन तासांचा तातडीचा इशारा जास्त कामाचा. तो 'मौसम' ॲपवर आणि जिल्हा प्रशासनाच्या निरोपांत येतो. विजेसाठी पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं 'दामिनी' ॲप आहे. तुमच्या 20 ते 40 किलोमीटरच्या टापूत वीज पडत असली की ते सांगतं. 'सचेत' हे राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचं. मला स्वतःला दामिनीचा दुहेरी उपयोग वाटतो. विजांचे ठिपके ओढ्याच्या माथ्यावर एकाच जागी साचत चालले, की पाऊस तिथंच थबकला आहे असं समजायला हरकत नाही.

फरशीवरून गुडघाभर पाणी आहे. ओलांडायचं का?

नाही.

पण रोजचा रस्ता आहे, खालची फरशी पाठ आहे.

पाण्याखाली फरशी उरली आहे की नाही, ते तुम्हाला दिसत नाही. पाणी आधी फरशीच्या कडेचा भराव खातं. वरून सपाट दिसतं आणि मधे चार फुटांचा खड्डा झालेला असतो.

पाण्याचा रेटा वेगाच्या वर्गानं वाढतो. गुडघ्याच्या थोडं वर पाणी असेल आणि ते सेकंदाला दोन मीटरनं वाहत असेल, तर पायांवर ढोबळमानानं तीस किलोचा रेटा पडतो. वेग तीन मीटर झाला की तोच रेटा सत्तरच्या घरात जातो. वेग दीडपट झाला आणि जोर सव्वादोनपट. डोळ्यांना हा फरक कळत नाही, पायांना कळतो तेव्हा उशीर झालेला असतो.

मोटारीचं गणित आणखी वाईट आहे. छोट्या गाडीचा तळ साधारण साडेसहा चौरस मीटरचा. पाणी तळाला लागल्यापासून दर दहा सेंटिमीटरला ते गाडीचं साडेसहाशे किलो वजन उचलतं. हजार किलोची गाडी फूट-सव्वा फूट पाण्यात तरंगायला लागते. एकदा चाकं सुटली की स्टेअरिंग नुसतं शोभेचं.

मोठी गाडी तरी जाईल, असं म्हणणाऱ्यांना दहागावची आठवण द्यावी. 28 सप्टेंबर 2021 ला यवतमाळच्या उमरखेड तालुक्यात दहागाव नाल्याच्या पुलावरून पाणी चाललं होतं, आणि त्यात नांदेडहून नागपूरला निघालेली एसटी बस वाहून गेली. माणसं गेली. बसचं वजन कितीतरी टन असतं.

पुलावर गर्दी जमते, कुणीतरी मोबाइल धरून उभा असतो, आणि एखादा दुचाकीवाला त्या गर्दीकडं बघूनच गाडी पाण्यात घालतो. थांबवणारा एक माणूस तिथं असला तर तो थांबतो, हे मी पाहिलं आहे. आमच्याकडं दोन पोरांनी ट्रॅक्टर आडवा लावून रस्ता बंद केला होता. त्यांना शिव्याही बसल्या, पण त्या रात्री पलीकडं कुणी गेलं नाही.

गाडी पाण्यात अडकलीच तर?

पट्टा सोडा, काच खाली करा, बाहेर पडा, शक्य असेल तर टपावर चढा. हे सगळं पहिल्या मिनिटात. सामान, चप्पल, फोनचा चार्जर शोधत बसू नका. वीजेवर चालणाऱ्या काचा पाण्यात गेल्या की उतरत नाहीत.

ओढ्यातली पाणी उपसायची मोटार काढायला रात्री जावं का? पंधरा-वीस हजारांची वस्तू आहे.

हा प्रश्न विचारणाऱ्याला मी हसत नाही. एक मोटार गेली की रब्बीचं पाणी जातं, आणि उसनवारी करून घेतलेली असली तर आणखीच. तरीही उत्तर नाही असंच आहे, आणि त्याला दोन कारणं आहेत. पहिलं, तुम्ही पात्रात उतरता त्याच वेळी लोंढा कुठवर आलाय हे तुम्हाला माहीत नसतं. दुसरं, थ्री फेज लाइट बहुधा रात्रीच असते. ओल्या पेटीला, तुटलेल्या केबलला किंवा पाण्यात गेलेल्या स्टार्टरला हात लागला की पुराची वाट बघावी लागत नाही.

जे करायचं ते ऑगस्टअखेर, दिवसा करा. स्टार्टरची पेटी ओढ्याच्या जुन्या पूररेषेच्या वर सरकवा. पात्रातल्या मोटारीला नायलॉनचा जाड दोर बांधून काठावरच्या पक्क्या झाडाला अडकवा, म्हणजे वाहून गेली तरी सापडते. परतीच्या पावसाची लक्षणं दिसली की मोटार काठावर आणून ठेवा. दोन माणसांचं तासाभराचं काम आहे.

आणि सोयाबीनची गंजी?

तीच गोष्ट. काढणी झालेली, गंजी उघडी, आणि रात्री आठला ढग गडगडायला लागला की माणूस ताडपत्री घेऊन पळतो. पलीकडच्या रानात जायचं म्हणजे वाटेत ओढा, रानात सगळ्यात उंच वस्तू म्हणजे आपणच, आणि वर वीज. गंजी पहिल्यापासून उंचवट्यावर रचा आणि त्याच संध्याकाळी झाकून दगड ठेवूनच घरी या. ओढ्याकाठचं सपाट रान मळणीला सोयीचं वाटतं, पण ते सपाट झालंय ते आधीच्या पुरांनी गाळ आणून टाकला म्हणून.

वीज लवल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा. तीन सेकंदांना एक किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत ऐकू आलं तर पक्क्या घरात जा आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तिथंच राहा. झाडाखाली थांबू नका. जवळ काहीच आसरा नसेल तर पाय जुळवून उकिडवे बसा, आडवे होऊ नका.

लोंढा येतोय हे कशावरून ओळखायचं?

पाणी एकाएकी गढूळ होतं. पाचट, काटक्या, फेस, प्लास्टिक असा कचरा पुढं येतो. वरच्या अंगानं ट्रक चढणीला लागल्यासारखा घरघर आवाज येतो. ओल्या मातीचा वास येतो आणि वारा गार होतो.

एक खूण फसवी आहे आणि तीच सगळ्यात वाईट. पाऊस चालू असताना वाहतं पाणी अचानक कमी झालं, तर लोकांना वाटतं उतार पडला. कधीकधी वर एखाद्या नळकांडी पुलात वेड्या बाभळी आणि पाचट अडकून बांध तयार झालेला असतो. तो फुटला की साठलेलं सगळं एकदम येतं. पाऊस न थांबता पाणी ओसरलं, तर काठापासून लांब व्हा.

गावाच्या वर पाझर तलाव आहे. तो फुटेल का?

मातीचा बांध एका कारणानं फुटत नाही. सांडव्यात झुडपं वाढलेली किंवा कुणी मासे अडवायला सांडव्यावर दगड रचलेले, त्यामुळं पाणी बांधाच्या डोक्यावरून जातं आणि माती कापत नेतं. नाहीतर खेकड्यांची बिळं, झाडांची मुळं आणि जुन्या भेगा यांतून पाणी आतून पोखरत जातं.

बांधाच्या बाहेरच्या उतारावर नवी ओल दिसते का बघा. झिरपणारं पाणी नितळ असेल तर ते बहुधा जुनं आहे. तेच गढूळ झालं म्हणजे बांधातली माती बाहेर यायला लागली. मग तहसीलला फोन करा आणि उत्तराची वाट न बघता खालची वस्ती हलवा. चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण 2 जुलै 2019 च्या रात्री फुटलं, आणि खालच्या वाडीला आवरायला वेळच मिळाला नाही. गळतीबद्दल गावकरी आधीपासून बोलत होते.

कोल्हापुरी बंधाऱ्याचं दुखणं वेगळं. पाणी अडवायची घाई म्हणून सप्टेंबरातच बरगे, म्हणजे बंधाऱ्याच्या दारांच्या फळ्या, टाकले आणि वरून लोंढा आला, की पाणी बंधाऱ्याला वळसा घालून काठाची जमीन कापतं. बंधारा जागेवर राहतो आणि शेजारच्याचं दोन एकर रान नदीत जातं. बरगे कधी टाकायचे हे एकट्यादुकट्यानं ठरवायचं काम नाही.

जनावरांचं काय करायचं?

दावं सोडा. बांधलेलं जनावर गोठ्यातच बुडतं, सुटलेलं बहुतेक वेळा स्वतः उंचावर जातं. 31 ऑगस्ट 2021 ला चाळीसगावला तितूर आणि डोंगरी नद्यांना रात्रीतून पूर आला, तेव्हा जनावरांचे जीव फार गेले. परतीच्या पावसाच्या महिन्यात दाव्याला घट्ट गाठ न मारता एका ओढीत सुटणारी सरगाठ मारा, अंधारात फरक पडतो. जनावर सोडायलासुद्धा पाणी गोठ्यात शिरायच्या आधी जायचं, नंतर नाही.

पात्रात उतरलेल्या मेंढपाळांना, ऊसतोड कामगारांना कोण सांगणार?

आपणच. मेंढरांचा वाडा पाण्याजवळ बसतो आणि ऊसतोडीच्या कोप्याही. हंगामाच्या सुरुवातीला, दिवाळीच्या आगेमागे, परतीचा पाऊस पुरता गेलेला नसतो. ही माणसं बाहेरगावची, त्यांना ओढ्याचा स्वभाव माहीत नाही आणि गावाच्या यादीत त्यांचा नंबरही नाही. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री पुण्याजवळ खेड शिवापूरला दर्ग्यात झोपलेली माणसं वाहून गेली, ती अशीच मुक्कामाला थांबलेली होती. ज्याच्या रानात वाडा बसला त्यानं पहिल्याच दिवशी पूररेषा दाखवावी. मुकादमाचा नंबर पोलीस पाटलाकडं द्यावा.

शाळा ओढ्यापलीकडं आहे. पाऊस आला तर मुलांना आणायला जायचं का?

मुलांना तिथंच राहू द्या. जूनमध्ये शाळा सुरू होतानाच मुख्याध्यापकांशी बोलून ठरवा: पुलावर पाणी असेल तर मुलं शाळेत किंवा त्या गावातल्या ओळखीच्या घरी मुक्कामाला राहतील, आणि कुणाचा पालक पलीकडून हाका मारतोय म्हणून त्यांना सोडायचं नाही. तसंच घरात बाळंतपण जवळ आलेलं असेल, तर शेवटचे पंधरा दिवस दवाखान्याच्या बाजूच्या गावात काढणं बरं. 108 ची गाडीसुद्धा पुलावरूनच येते.

कोणते नंबर लक्षात ठेवायचे?

112 सगळ्या तातडीसाठी, 108 रुग्णवाहिका, 1077 जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्ष, 1912 वीज. तार तुटून पाण्यात पडली असेल तर आधी 1912.

पाणी उतरल्यावर पहिल्यांदा काय?

विहीर. पुराचं पाणी आत गेलं असेल, तर उपसा करून टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकल्याशिवाय तिचं पाणी पिऊ नका. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला मात्रा माहीत असते. तोवर उकळून प्या. घरात शिरताना काठी आपटत जा, अडगळीत घोणस-मण्यार बसलेली असते. वायरिंग वाळून तपासल्याशिवाय मेन स्विच चालू करायचा नाही. पायाला जखम असेल आणि चिखलात काम केलं असेल, तर ताप येताच आरोग्य केंद्रात दाखवा आणि पुराच्या पाण्यात काम केल्याचं आवर्जून सांगा. लेप्टोस्पायरोसिसची शंका डॉक्टरांना त्यावरून येते.

मदत किती मिळते?

केंद्राच्या 2022-23 ते 2025-26 च्या निकषांत कोरडवाहू पिकाला हेक्टरी 8,500 रुपये, बागायतीला 17,000 आणि बहुवार्षिक पिकाला 22,500 होते. जमीन खरडून गेली तर हेक्टरी 47,000, शेतात गाळ साचला तर 18,000. दुभतं मोठं जनावर 37,500, ओढकामाचं 32,000, शेळी-मेंढी 4,000. माणूस गेला तर वारसाला चार लाख. राज्य सरकार काही वेळा वेगळा निर्णय काढून यात भर घालतं, म्हणून त्या-त्या वर्षीचा शासन निर्णय तलाठ्याकडं मागून वाचा. वीतभर काळी माती साठायला किती शतकं लागतात, याचा हिशेब मात्र कुठल्याच निकषात नाही.

पंचनाम्याआधी गाळ काढू नका. काढावाच लागला तर आधी फोटो घ्या, त्यात झाड, विहीर, विजेचा खांब अशी न हलणारी खूण येऊ द्या. मेलेलं जनावर पुरायच्या आधी पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांना बोलवा. वाहून गेलं असेल तर त्याच दिवशी पोलीस पाटलाकडं नोंद करा. चार दिवसांनी ते सिद्ध करणं फार जड जातं.

आमच्या ओढ्याची पूररेषा कुठं मिळेल?

मोठ्या नद्यांच्या पूररेषा पाटबंधारे खात्याकडं असतात. गावच्या ओढ्याची बहुधा कुणी आखलेली नसते. ती तुम्हीच आखा. गावातल्या सत्तरीच्या पुढच्या दोन-तीन माणसांना घेऊन काठानं चाला. मारुतीच्या देवळाची कितवी पायरी भिजली होती, कोणत्या चिंचेच्या फांदीला कडबा अडकला होता, ते त्यांना सांगता येतं. तिथं ऑइलपेंटनं आडवी रेघ ओढा आणि वर्ष लिहा. दोघांच्या सांगण्यात फरक पडला तर वरची रेघ धरा. हे काम करायला उन्हाळाच बरा, कारण तेव्हा म्हातारी माणसं सकाळी पारावर निवांत बसलेली असतात आणि ओढ्यातून कोरड्या पायानं फिरता येतं.